‘न’ म्हणजे नवी

आयुष्यभर रंगमंचावर टाळ्या घेतल्या, पण खरा विजय पाहिला तो डांबरी रस्त्यावर, भर दुपारी. विजय चाळणीमावशीचा.

मावशी पूर्वी आमच्या नाटकगृहात झाडलोट करायची. पडदा पडला की विंगेतून केरसुणी घेऊन तिचा प्रवेश. आम्ही म्हणायचो, शेवटचा अंक हिचाच. नाटकगृह पाडलं तेव्हा मी घरी बसून रडलो. ती मात्र राडारोड्याच्या मागोमाग डांबराच्या प्लँटवर गेली आणि तिथेच कामाला लागली. पाडलेल्या इमारतींचा दगड फोडून रस्त्याची खडी करायचा प्रयोग तिथे चालू होता. मावशी आणि तिच्या पाच जणी त्यातलं लाकूड, गिलावा, माती वेगळी काढायच्या, खडी धुवायच्या, चाळायच्या.

"अंगाला माती असली की दगड डांबर धरत नाही," ती मला सांगायची. "रंग लावण्याआधी तोंड धुता ना दादा, तसंच."

परीक्षेची रीतही तिची स्वतःची. डांबर लावलेले मूठभर खडे बरणीत, पाण्यात, दिवसभर ठेवायचे. काळे राहिले तर पास. उघडे पडले तर सगळा ढीग पुन्हा धुवायचा, बाकीच्या जणींनी कितीही नाकं मुरडली तरी.

जड ट्रकांच्या रस्त्यावर शेजारी शेजारी दोन तुकडे टाकले. एक आमच्या नाटकगृहाच्या दगडाचा, दुसरा खाणीतून घाईने आणलेल्या, न धुतलेल्या खडीचा. कडेच्या दगडांवर मावशीने रंगाने अक्षरं काढली, ‘जु’ आणि ‘न’. दोन वर्षांनी रस्तेखात्याचे साहेब बघणार होते. तिचा तुकडा फुटला तर चाळणीचं काम बंद आणि सहाही जणी घरी.

तपासणीला तिने मला बोलावलं.

"मी कशाला गं?"

"हरलेच तर रडायला कुणीतरी सराईत हवं."

साहेब नुकतेच बदलून आलेले. ते ‘न’पाशी थांबले. तिथे चिरा, खड्डे, सुटलेली खडी.

"वाटलंच होतं," ते म्हणाले. "नाटकगृहाचा माल, नाटकंच करणार. कारकून, लिहा. प्रयोग बंद."

सोबतचे हसले. कारकून लिहू लागला. मावशीने त्या अक्षराकडे बोट दाखवलं.

"साहेब, हा ‘न’ कशाचा?"

"नाटकगृहाचा."

"नव्या खडीचा. नाटकगृहाचा ‘ना’ झाला असता. चौथी शिकलेय, पण काना विसरत नाही मी. आमचा जुना माल तो, पलीकडे."

पलीकडे ‘जु’ काळाभोर, सपाट पडला होता. साहेब जरा चपापले, पण म्हणाले, "आता काय, कुणीही काहीही म्हणेल."

"मग कापून बघा."

रस्त्यातून गोल तुकडा कापून काढणारं यंत्र लावलं. ‘न’मधला तुकडा हातात येता येताच भुगा झाला. ‘जु’मधून जाडजूड नळकांडं अखंड निघालं. मावशीने त्यावर पाणी ओतलं, आणि काळ्या डांबरात तांबूस ठिपके उजळले.

नाटकगृहाच्या त्या तांबड्या दगडी पायऱ्या मी सत्तावीस वर्षं चढलो होतो.

"साहेब, या आमच्या पायऱ्या," मी म्हणालो. गॅलरीपर्यंत पोचेल असा आवाज आपोआप लागला.

प्लँटच्या मुकादमाने मान हलवली. "खाणीतली खडी करडी असते, साहेब. हा दगड तिकडचा नाहीच."

साहेबांनी नळकांडं फुटपाथच्या फरशीवर आपटून पाहिलं. फरशीचा टवका उडाला.

"कारकून," ते सावकाश म्हणाले, "ते खोडा. पुढचा सगळा रस्ता बाईंच्या मालाचा."

"आणि खाणीतली खडी?" मुकादमाने विचारलं.

"माझ्याकडे पाठवा," मावशी म्हणाली. "धुवून देते."

पाच जणींनी टाळ्या वाजवल्या. मीही रस्त्याच्या मधोमध उभा राहून वाजवत होतो. मावशीने मला दंडाला धरून कडेला ओढलं.

"दादा, बाजूला व्हा, ट्रक येतोय."

भरलेला ट्रक आमच्या पायऱ्यांवरून धडधडत गेला. एक खडा हलला नाही.