दुसरी जॉयस्टिक

माझ्या दादाला हरता येत नव्हतं, आणि आमच्या घरात याला कुणी दोष म्हणत नव्हतं. 'फार मानी आहे तो,' असं आई शेजारच्या काकूंना कौतुकाने सांगायची. मी हरल्यावर रडले की मी रडूबाई.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नाशकात द्वारका चौकाजवळ दोन खोल्यांत राहायचो. एका दिवाळीला बाबांनी टीव्ही गेम आणला. 'दोघांत मिळून' आणला, असं ते म्हणाले. टीव्हीला जोडायचा डबा, त्यात वरून खोचायची कॅसेट आणि दोन जॉयस्टिक. पहिल्या जॉयस्टिकवर स्टार्टचं बटण होतं, दुसरीवर नव्हतंच. बनवणाऱ्यानेच तशी बनवलेली. खेळ सुरू करायचा, मध्येच थांबवायचा, सगळा हक्क पहिलीवाल्याचा. दुसरी कुणाच्या वाट्याला येणार, हे आमच्या घरात विचारायचीही गरज पडली नाही.

कॅसेटमध्ये एक मारामारीचा गेम होता. दोन माणसं समोरासमोर, वर दोघांच्या ताकदीच्या पट्ट्या. ज्याची पट्टी आधी संपेल तो आडवा. दादा क्लास सुटल्यावर व्हिडिओ गेमच्या दुकानात पोरांमध्ये उभा राहून नवनवे डाव बघून यायचा. त्या दुकानात मुलगी शिरली असती तर कॉलनीभर बोभाटा झाला असता. दादाचा आवडता डाव म्हणजे एक लाथ, ती लागते न लागते तोच बुक्की, आणि बुक्कीच्या पोटातूनच हातातून आगीचा गोळा. समोरच्याला मध्ये श्वास घ्यायला जागाच नाही. याला कॉम्बो म्हणतात, हे त्याने मला सांगितलं. कसा करायचा ते नाही सांगितलं.

"तुला नाही जमायचं. तू आपली बटणं दाब."

सगळे टीव्हीकडे बघायचे. मी दादाच्या अंगठ्याकडे बघायला लागले. दिशांच्या बटणांवर खाली, मग खाली आणि पुढे यांच्या मधोमध, मग पुढे, आणि लगेच बुक्कीचं बटण. अंगठा उचलायचा नाही, घासत न्यायचा. इतकंच होतं! या एवढ्याशा गोष्टीसाठी केवढा तोरा!

दुपारी दादा क्लासला गेला आणि आई जरा आडवी झाली, की मी आवाज बंद करून गेम लावायचे. दोघांचा खेळ निवडायचा, पहिली जॉयस्टिक सतरंजीवर ठेवून द्यायची आणि दुसरी हातात घ्यायची. म्हणजे दादाचा माणूस नुसता उभा राहायचा आणि माझा त्याला बडवायचा. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. अंगठ्याची सालं निघाली. आईला वाटलं भांड्यांच्या पावडरने निघाली, तिने खोबरेल लावलं आणि भांडी मलाच घासायला ठेवली.

पण कॉम्बो आला म्हणून जिंकता येत नाही, हे मला फार मार खाऊन कळलं. मी लाथ उचलेपर्यंत दादाने दोन ठेवून दिलेल्या असायच्या. मग एकदा त्याचा गोळा आला आणि मी घाबरून मागे पळायला गेले. मागचं बटण दाबून धरलं, आणि बघते तर काय, माझ्या माणसाने हात आडवे धरून गोळा अडवला! त्या दिवसापासून मी कॉम्बो बाजूला ठेवला. अडवायचं कसं, कुठल्या अंतरावर उभं राहायचं, त्याची लाथ पोचत नाही पण माझी पोचते ती जागा कुठली, एवढंच बघत बसले. आणि मग दिसलं की दादाला दम धरवत नाही. ताटात पोळी पडायच्या आत तव्यावरची ओढणारा माणूस तो! जरा वेळ कुणी काही केलं नाही, की तो उडी मारायचाच. उडी मारलेला माणूस हवेत काही अडवू शकत नाही. खाली उभं राहायचं, तो उतरताना बुक्की, आणि मग पुढचा सगळा कॉम्बो. वाट बघणं मला शिकावं लागलं नाही. आमच्या घरात मुलीला ते आपोआप येतं.

मी जिंकायला लागले. म्हणजे, जिंकत आले की दादा स्टार्ट दाबायचा. "पाणी पिऊन येतो." परत आला की न सांगता चालू करायचा, आणि माझा अंगठा जागेवर यायच्या आत मला आडवं करायचा. तेही जमलं नाही तर डब्यावरचं रिसेट. "अरे, चुकून हात लागला." माझी पट्टी भरलेली, त्याची संपत आलेली, आणि स्क्रीन काळी. मला एकच हवं होतं. तो आडवा पडलेला एकदा तरी पूर्ण दिसावा, आणि त्याने म्हणावं की हो, तू जिंकलीस. बाकी काही नको होतं.

त्याचं बारावीचं वर्ष सुरू झालं, आणि एक दिवस आईने मला ओट्याजवळ बोलावलं. "तू त्याला हरवू नकोस गं. त्याचं डोकं शांत राहायला हवं. बहिणीने जरा मागे राहिलं तर काय बिघडतं?"

मग मी हरायलाही शिकले. ते कॉम्बोपेक्षा अवघड आहे. उगाच उभं राहून मार खाल्ला तर कळतं. शेवटची लाथ थोडी उशिरा मारायची, अडवायचं सोडून मुद्दाम उडी मारायची, तोंडाने "अरेरे" म्हणायचं. दादा खूश होऊन अभ्यासाला बसायचा. आई माझ्याकडे बघून हसायची, आणि मला दोघांचाही संताप यायचा.

त्या दिवाळीत देवळ्याहून मामा आला, मामी आणि पोरांना घेऊन. पाडव्याच्या दुपारी सगळे टीव्हीसमोर बसले. दादाने मामाच्या पोरांना लोळवलं आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हिला तर मी एका हाताने हरवतो." आणि खरंच एका हातात चिवड्याची वाटी घेऊन बसला. सगळे हसले. आईसुद्धा.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. काय बारावी आणि काय डोकं शांत! मी दुसरी जॉयस्टिक उचलली. पहिल्या डावात तो आडवा झाला तेव्हा वाटी खाली आली. दुसऱ्या डावात दोन्ही हात आले, घाम आला, उड्या सुरू झाल्या. प्रत्येक उडीला मी खाली उभी होते. त्याने स्टार्ट दाबलं.

"बंद काऊन केलं?" मामा ओरडला. "चालू कर! पोरगी लय भारी हे!"

सगळ्यांच्या देखत त्याला चालू करावं लागलं. मी लाथ, बुक्की, गोळा असा अख्खा कॉम्बो लावला, आणि त्याचा माणूस पडला. पूर्ण पडला, पाठ टेकेपर्यंत. मामाने टाळ्या वाजवल्या. "वा गं भाची! भावाला पार झोपवला!" इतकी खुशी मला नंतर दहावीच्या निकालालाही झाली नाही.

दादा आतल्या खोलीत गेला तो रात्री जेवायलाही आला नाही. आईने मला तोंडातून चकार शब्द काढू दिला नाही. "सणासुदीचं रडवलंस त्याला," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. पाट मांडला, रांगोळी काढली, मामा आईकडून ओवाळून घेऊन बसला, आणि दादा म्हणाला, मी हिच्याकडून ओवाळून घेणार नाही. बाबांनी समजावलं, मामीने समजावलं. शेवटी आई ताट घेऊन माझ्याजवळ आली. निरांजन लावलेलं होतं.

"म्हण ना, त्याने मुद्दाम जिंकू दिलं. एका वाक्याने काय जातं तुझं?"

माझं काय जातं, हे तिला खरोखरच कळत नव्हतं. मी ताट घेतलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"काल दादाने मला मुद्दाम जिंकू दिलं," मी म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून."

दादा पाटावर येऊन बसला. त्याने नाही म्हटलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. आणि मामाने, काल टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या मामाने, मांडीवर थाप मारली.

"तरीच!" तो म्हणाला. "म्हटलं, पोरीला एवढं कसं जमलं!"

सगळे हसले, हायसं वाटल्यासारखे. मी दादाला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि मोठा आहे म्हणून वाकून त्याच्या पाया पडले.