चाळीस टक्के

गाठी तपासणाऱ्या लॅबमध्ये दोन गोष्टी साचत जातात: मेणात बसवलेले गाठींचे तुकडे आणि किस्से. तुकडे काही वर्षांनी टाकून देता येतात. किस्से कुठे टाकायचे, हे मला या वयातही कळलेलं नाही.

बुलढाण्याच्या आमच्या लॅबमध्ये मी आणि टेक्निशियन वंदना, एवढेच. मी स्लाइड बघतो, निदान लिहितो, खोडतो, पुन्हा बघतो. एवढ्या डिग्र्या, पण खात्री म्हणून नाही! एकदा वंदना वैतागून म्हणाली, "सर, ठेवा बरं आता ती! पाहून पाहून रंग उडून जाईन तिचा!"

*

देऊळघाटचे सलीमभाई गाद्या भरतात. त्यांच्या बायकोच्या, शबानाबींच्या, कानाखाली गाठ आली. लाळग्रंथीचा कॅन्सर, त्यातही क्वचितच दिसणारा. मी म्हणालो, "सलीमभाई, आता मार्कर करावा लागेल."

दुपारी त्यांनी टेबलावर दोन पेनं आणून ठेवली. "काळा आनला, लाल बी आनला. जो लागन तो घ्या!"

*

मग मी नीट समजावलं. हा मार्कर म्हणजे पेशींमधलं एक प्रोटीन. ते जितक्या जास्त पेशींत सापडेल, तितकी गाठ वेगाने वाढते आहे असं धरायचं.

सलीमभाईंनी मान डोलावली. "ते समदं ठीक हाय साब. पन पोरीचा निकाह रमजानच्या आधी करू, का पुढच्या साली? तिची अम्मी पाह्यजे ना तिथं!"

*

मी पुण्याच्या एका जुन्या वर्गमित्राला फोन केला. त्याने जन्मभर हेच कॅन्सर पाहिलेत. वर्णन ऐकून तो ओरडला, "अरे, फारच दुर्मीळ! अभिनंदन!"

फोन स्पीकरवर होता. बाकावर बसलेल्या शबानाबींनी वंदनाला विचारलं, "कोनाले पोरगा झाला वं?"

मी स्पीकर बंद केला. "या प्रोटीनवरून पुढचं कितपत सांगता येईल?"

"पेशंटच इतके कमी रे. काही पेपर हो म्हणतात, काही नाही. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं हे कळलं असतं, तर मी फोन कशाला केला असता!

*

रिपोर्ट आला. चाळीस टक्के. असल्या गाठीला हे फार झालं. मी मनात वाक्यं जुळवत होतो, तोवर सलीमभाईंनी कागद उचललासुद्धा.

"चाळीस! पस्तीसले तं मॅट्रिक पास होते साब!" लगेच घरी फोन. "सुन, पास हो गई तू!" मग फोन माझ्या हातात कोंबून, "तुमीच सांगा, तिले माया भरोसा नाई," म्हणत ते पेढे आणायला पळाले.

मी फोन कानाला लावला. "शबानाबी, हा आकडा म्हणजे..."

"डाक्टरसाब, आकडा लहान पाह्यजे असते. वंदनाबाईले इचारलं होतं मी. ते हायेत का तिथं?"

"नाही. पेढे आणायला गेलेत."

"आनू द्या. तुमी फक्त निकाह रमजानच्या आधी घ्या म्हना त्याइले."