नानांचे पत्र्याचे रूळ

नाना प्रधान कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी विचारत, "रिकामा डबा आहे का हो एखादा?" तुपाचा, बिस्किटांचा, कसलाही चाले. ठाण्याच्या कचेरीत आमची टेबलं शेजारी होती आणि डोंबिवलीला आम्ही एकाच चाळीत राहायचो. त्या डब्यांचा पत्रा कापून नाना रूळ करीत. एवढ्याशा खोलीत, भिंतींना फळ्या ठोकून त्यांनी त्यावर आगगाडी मांडली होती. बोगदा, पूल, स्टेशन, आणि चोरबाजारातून आणलेलं चावीचं इंजिन.

अशीच गाडी त्यांनी कराचीला मुलीसाठी, कुसुमसाठी केली होती. फाळणीत घर सुटलं, तशी ती गाडीही तिथेच राहिली. मुंबईला येताना आगबोटीवर कुसुमला ताप भरला आणि ती वाटेतच गेली. तिला समुद्रातच सोडावं लागलं. हे मला त्यांच्या पत्नीने, माईंनी सांगितलं. नाना त्याविषयी कधी बोलले नाहीत. एवढंच म्हणत, "पुन्हा करायचंच, तर आधीपेक्षा बरं करावं."

कराचीच्या गाडीत एका वळणावर इंजिन हमखास घसरायचं. नानांनी इथे ते वळण पुनःपुन्हा उखडलं, बाहेरचा रूळ किंचित उचलला आणि एका रविवारी मला बोलावलं. गाडी झोकात वळून गेली. नानांनी टाळी वाजवली. माई स्टोव्हपाशी बसल्या होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "ती पडायची, म्हणून कुसुम धावत यायची उचलायला."

त्यानंतर बरेच दिवस गाडीवर चादर होती.

मग माईंना क्षय झाला. खाट खिडकीशी लावा, असं डॉक्टरांनी सांगितलं. नाना खिडकीकडच्या फळ्या काढायला लागले.

"अहो, राहू द्या," माई म्हणाल्या. "दिवसभर पडून बघायचं काय मी?"

"अगं, तुला आवाजाचा त्रास होईल."

"होऊ दे. माझ्या उशीपाशी आणा तिला."

नानांनी सगळी गाडी नव्याने मांडली. रूळ माईंच्या उशाशी आणले आणि फेरा पुरा व्हावा म्हणून दारात एक फळी आडवी टाकली. तिच्याखालून वाकून आत जावं लागे. चावी माईंच्या हातात असायची.

"नाना, गाडी लांब पोचली की," मी एकदा म्हणालो.

"कराचीपर्यंत न्या म्हणते मी," माई म्हणाल्या. त्या हसल्या, आणि मग किती तरी वेळ खोकत राहिल्या.

पौषात एका सकाळी माई गेल्या. चाळ गोळा झाली. त्यांना बाहेर आणायचं, तर दारातली फळी आड येत होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "तोडू या का?"

कोपऱ्यात बसलेले नाना उठले. "तोडू नका. रूळ वाकतील."

ते एकेक स्क्रू काढत राहिले. फळी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली आणि मग माईंना उचलायला हात लावला.

स्मशानातून परतलो तेव्हा दार मोकळं होतं. तरी नाना उंबऱ्याशी थांबले आणि वाकून आत गेले. त्यांच्यामागोमाग मीही वाकलो.