दोन अक्षरं सोडून

जवसाच्या तेलाचा वास आला की मला अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधलं शेजारच्या आजोबांचं गॅरेज आठवतं. २००४चा हिवाळा होता. नवरा सकाळीच ऑफिसला जायचा, माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, आणि दिवसचे दिवस मी कुणाशी बोलत नसे. आजोबाही एकटेच, जुन्या बंदुका दुरुस्त करायचे. एकदा त्यांनी मला आत बोलावून एक छोटी रायफल दाखवली. पुढची मूठ मागे-पुढे ओढली की तिच्यात गोळी चढायची. त्यांच्या वडिलांनी अडचणीत विकलेली ही रायफल त्यांना चाळीस वर्षांनी एका दुकानात सापडली होती, भावानं लाकडी दस्त्यावर कोरलेल्या दोन अक्षरांमुळे ओळखू आली. “पॉलिश पेपरनं घास,” ते म्हणाले, “पण तेवढी अक्षरं सोड. भाऊ युद्धावरून परत आलाच नाही.” दुपारभर मी जपून घासत राहिले. जवसाचं तेल लावल्यावर अक्रोडाचं लाकूड तांबूस उजळलं. मग त्यांनी भावाचं नाव सांगितलं आणि विचारलं, “तुझं नाव नीट कसं म्हणायचं?” बरोबर जमेपर्यंत ते चार वेळा म्हणाले, आणि मला रडूच आलं. आता मी नोकरी करते. ऑफिसात सगळे माझं नाव अर्धंच घेतात, आणि मी कुणाची चूक दुरुस्त करत नाही; एकदा कुणीतरी ते पूर्ण म्हटलंय, तेवढं मला पुरतं.