चिमीच्या गादीतला भुसा

पहाटे साडेचारला घाशाचा दिवस सुरू व्हायचा, तो खोकल्याने. त्याला गजर लागत नसे. मोरीत उकिडवा बसून तो घसा मोकळा करायचा आणि भिंतीपलीकडे माझी झोप मोडायची. जे पडायचं ते पिवळट, लाकडाच्या रंगाचं. बायकोच्या नजरेला पडू नये म्हणून तो त्यावर पाणी ओतून मोरी खराट्याने घासून काढायचा. मग कामावर.

आम्ही दोघेही लाकडी खेळण्यांच्या कारखान्यात. मी पट्टीच्या करवतीवर कापायचो, तो घासून गुळगुळीत करायचा, म्हणून घाशा. खरं नाव कोणी वापरत नसे. आमची घोडे-बदकं बिनरंगाची, वरून फक्त जवसाचं तेल. मूल खेळणं तोंडात घालणार, तेव्हा त्याच्या पोटात निसर्गाखेरीज काही जाऊ नये, असं मालकीणबाई म्हणायच्या. प्लास्टिक हा शब्द त्या नाक मुरडूनच उच्चारायच्या.

घाशासारखा घासणारा मी दुसरा पाहिला नाही. घोड्याच्या कानामागे बोट पोचत नाही, तिथे तो पॉलिश पेपरची सुरळी करून शिरायचा. मग लाकूड ओलं करायचं, तंतू उभे राहिले की पुन्हा घासायचं. नळ पार आवाराच्या टोकाला, म्हणून लहानसहान कामाला सगळेच थुंकी वापरत. शेवटी तो घोडा स्वतःच्या गालावरून फिरवायचा. कुसळ लागलं की पुन्हा पहिल्यापासून.

रविवारी गिऱ्हाइकं मुलाबाळांसकट कारखाना पाहायला येत. त्या दिवशी नाकावरची फडकी काढायची, असा बाईंचा हुकूम.

"मुलं घाबरतात. आणि लाकडाला कसलं घाबरायचं? झाडच ते."

आम्ही फडकी खिशात कोंबायचो आणि तासन् तास उडणारं लाकडाचं पीठ नाकात ओढायचो. एकदा एका पोराने घाशासमोरचं ओलं बदक उचललं आणि चाटायला सुरुवात केली. त्याची आई कौतुकाने बघत म्हणाली,

"चाटू दे. यात विषारी काही नाही."

घाशाने माझ्याकडे पाहिलं. मी करवतीकडे पाहिलं. अजून आठवलं की तोंडात पाणी भरतं, ओकारीआधी भरतं तसं.

असं सगळं डोळ्यांनी बघूनही घाशाचा बाईंच्या बोलण्यावर विश्वास बसला. याची मला जास्त शिसारी आली. त्याची मुलगी चिमी तेव्हा चार वर्षांची. कापसाच्या गाठी झालेल्या गादीवर निजायची. आपली पोरही नैसर्गिक वाढवायची असं याने ठरवलं आणि गादीत भुसा भरायला घेतला.

"निदान जाड छिलका तरी भर," मी म्हटलं.

"टोचेल तिला."

टोचू नये म्हणून त्याने घासयंत्राखालचं पीठ पोत्याने घरी आणलं आणि स्वयंपाकाच्या चाळणीने चाळलं. एकदा नाही, दोनदा. ही चूक घासणाऱ्याच्याच हातून व्हावी. जितकं बारीक तितकं चांगलं, एवढंच त्याच्या हातांना शिकवलेलं.

"ती चाळणी आता तुमच्याच डोक्यात घाला," वहिनी म्हणाल्या. "मी त्यातून पुन्हा पीठ चाळणार नाही."

"अगं, झाडच ते."

"मग तुम्ही झाडावर जाऊन झोपा."

चिमीला गादी आवडली. ती उड्या मारायची आणि शिवणीतून पीठ उडायचं. महिनाभरात तिच्या छातीतून शिट्टी वाजू लागली. एके दिवशी तिला बोलता येईना. आम्ही दोघांनी आळीपाळीने कडेवर घेऊन तिला दवाखाना गाठला. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. डॉक्टरीणबाईंनी औषधाची वाफ दिली आणि श्वास जरा मार्गी लागल्यावर विचारलं,

"घरात धूळ असते का?"

"नाही मॅडम. सगळं नैसर्गिक आहे," घाशा म्हणाला आणि अभिमानाने गादीचं सांगू लागला.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "आजच्या आज ती बाहेर काढा. आणि कामावरच्या कपड्यांनी तिला जवळ घेऊ नका. तुमच्या केसांत, भुवयांत बघा किती बसलंय. पुढच्या वेळी ती इथवर पोचेलच असं नाही."

गादी वहिनींनी एकटीने ओढत नेऊन टाकली. कपड्यांचं मात्र अवघड होतं. बाप आला की चिमी धावत येऊन त्याच्या पायाला मिठी मारायची. आता तो दारातूनच "लांब हो" म्हणायचा आणि ती भोकाड पसरायची. घर एका खोलीचं, मोरी पार आतल्या कोपऱ्यात. तिथवर जाईपर्यंत निम्मं पीठ घरभर सांडायचं.

कारखान्यात पाहुण्यांसाठी न्हाणीघर होतं. सुटताना तिथे अंघोळ करू द्या, म्हणून तो बाईंना विचारायला गेला. मी सोबत होतो.

"तिथली फरशी खराब होईल," बाई म्हणाल्या. "आणि इतकं धुवायचंय कशाला? मुलांना जरा मातीत वाढू द्यावं. आम्ही आमच्यांना रोज मातीत सोडतो."

घाशाने मान हलवली. मी तिथेच थुंकलो.

"आवारात थुंकू नका हो," बाई म्हणाल्या.

त्यानंतर घाशाने जादा पाळ्या धरल्या. आणखी पीठ खाल्लं, आणखी खोकला. घरमालकाला विचारून दाराबाहेर न्हाणीसाठी चर खणला, तोही स्वतःच, सुट्टीच्या दिवशी. पाइपचा उतार चुकला म्हणून सगळा उपसून पुन्हा घातला. आमच्या रांगेतले लोक हसायचे, साहेब बाहेर बंगला बांधतायत म्हणून. तो हसला नाही की थांबला नाही.

थंडीतही तो तिथल्या पत्र्याच्या आडोशात गार पाण्याने डोकं धुवायचा, कपडे बाहेर खुंटीला लावायचा आणि दातांवर दात आपटत आत जायचा. मग चिमीला उचलायचा.

त्या कारखान्याने त्याला जे काही दिलं, ते सगळं एका नळात आणि तीन बाजूंच्या पत्र्यात गेलं.