फळ्यावरचा प्रश्न

आई गेल्याला अजून वर्ष झालेलं नाही. तिच्यावर बदनामीचा खटला होता, असं सांगितलं की लोक आधी हसतात.

नायगावच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर एक फळा होता. सभेची वेळ, कोणाचं जाणं, बुद्धवंदनेचं निमंत्रण, सगळं त्यावर. रीत एकच: लिहिणाऱ्याने खाली स्वतःचं पूर्ण नाव घालायचं. पुनर्विकासासाठी घरं रिकामी होऊ लागली, तोवर राहायला संक्रमण शिबिरातल्या खोल्या मिळणार होत्या, तेव्हा आईने लिहिलं, 'संक्रमण शिबिराच्या चाव्या आधी कोणाच्या पाहुण्यांना मिळाल्या? सेक्रेटरींनी सांगावं.' खाली नाव. चाव्यांचं वाटप चाळ समितीच्या सेक्रेटरींकडे होतं. उत्तर देण्याऐवजी ते फळ्याचा फोटो घेऊन कोर्टात गेले. समन्स आलं त्या रात्रीपासून आईची झोप उडाली.

"सॉरी म्हणून टाक ना," मी म्हणाले. "केस मागे घेतो म्हणतायत."

"विचारल्याबद्दल सॉरी? मला माझं म्हणणं सांगू तर दे."

वकील परवडणारा नव्हता. कोर्टातल्या विधी सेवेच्या खोलीत कळलं की बाईमाणसाला मोफत वकील मिळतो. मिळाली ती माझ्याहून लहान. आईने आधी तिला जेवलीस का विचारलं, मग केस सांगितली.

मॅजिस्ट्रेटनी आरोप मराठीत समजावला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

आई ताठ उभी राहिली. "हो. मीच लिहिलंय."

तिची आई अंगठा उठवायची. स्वतःचं अक्षर नाकारणं आईला जमणारच नव्हतं. वकील घाईने उठली. "साहेब, त्या लिहिल्याचं कबूल करतायत, गुन्ह्याचं नाही."

मॅजिस्ट्रेटनी टायपिस्टला थांबवलं. "बाई, सावकाश. लिहिलंत, ते कळलं. त्यात गुन्हा केलात असं तुम्हाला वाटतं?"

"छे हो!"

मग खटला चालला. साक्षी झाल्या, तारखा पडत राहिल्या आणि एकदाची आईची पाळी आली.

"मी त्यांना चोर म्हटलं नाही," ती म्हणाली. "चाव्या कुठे गेल्या ते विचारलं. तिथे राहणाऱ्यांनी नाही विचारायचं, तर कोणी?"

"आणखी काही?"

"नाही. फळ्यावर तेवढीच जागा होती."

सेक्रेटरींचे वकीलसुद्धा हसले. बाहेर आल्यावर आईने पदराने चष्मा पुसला. "मधे कोणी तोडलं नाही गं," म्हणाली.

निकालाआधीच ती गेली. वकील घरी भेटायला आली. आरोपीच राहिली नाही म्हणजे केस बंद होणार, निकाल लागणार नाही, असं तिने हळू आवाजात सांगितलं.

"मग आई काय ठरली?"

"सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोषच असतो, ताई. मावशी शेवटपर्यंत निर्दोष होत्या."

निकाल कोणत्या बाजूने लागला असता, मला माहीत नाही. चाव्यांचं उत्तरही अजून कोणी दिलेलं नाही. कोर्टात बोलून आल्यानंतर मात्र आईला पुन्हा शांत झोप लागू लागली होती, एवढं मी शेजारी पडून पाहिलं आहे.