बाळकुमच्या राघोची जीभ

बाळकुमच्या खाडीकाठी राघोइतका चुळबुळ्या माणूस दुसरा नव्हता. जेवायला बसला तरी एक गुडघा उभा. मधेच उठावं लागलं तर सोय असावी म्हणून. अठ्ठेचाळीसच्या वादळात खाडीने बांध फोडला आणि खारं पाणी भाताच्या खाचरांत ठाण मांडून बसलं, तेव्हापासून तर त्याच्या पायांना थाराच उरला नाही. बांध गावाने मिळून पुन्हा घातला. पण पहिल्या वर्षी पेरलेलं भात वीतभर वाढून तांबडं पडलं आणि मेलं. यंदा घरात बियाण्याची एकच टोपली होती, तीही बायको बायजाच्या भावाने दिलेली. पेरावी आणि जमीन अजून खारी निघाली, तर टोपली गेली. न पेरावी, तर खाऊन संपणार आणि खाचर आणखी एक वर्ष ओसाड.

जमीन गोड झाली की नाही हे पाहायची गावाची रीत सोपी. चिमूटभर चिखल जिभेवर ठेवायचा. रीत उत्तम होती, जिभा तेवढ्या कामातून गेलेल्या. ज्या गावाचा उन्हाळा मिठागरात मीठ ओढण्यात जातो, त्याला खारट ते काय लागणार? राघो रोज खाचराच्या चारी कोपऱ्यांतला चिखल चाखे. सकाळी गोड लागे, दुपारी खारट, आणि संध्याकाळी नुसता चिखल.

शेवटी त्याने शेजारच्या गोविंदाला बोलावलं. गोविंदाने चाखलं, डोळे मिटले आणि साखर आहे म्हणाला. म्हातारा काळुराम त्याच्याही पुढचा. इतकं गोड आपण स्वतःच्या लग्नातही खाल्लं नव्हतं, असं त्याने शपथेवर सांगितलं. मग तुम्ही आपापलं बी भिजत घातलंत का, असं राघोने विचारलं, तेव्हा एकाला ढोरं आठवली आणि दुसऱ्याला दुखरा गुडघा.

खाऱ्या जमिनीत बी भिजवून, मोड आणून मग चिखलात फेकतात. एकदा भिजवलेलं बी परत कणगीत जात नाही. म्हणून जो तो दुसऱ्याला धीर देत होता आणि आपली टोपली झाकून बसला होता.

राघो तणतणत घरी आला, तर टोपली रिकामी आणि हंडा भरलेला.

"कवा भिजवलंस?"

"तुमी चिखल खावाला गेलात तवा," बायजा म्हणाली.

एवढ्यावर ती थांबली नव्हती. गोविंदाच्या बायकोने, शेवंतीने, विहिरीवर विचारलं, तेव्हा आमच्या ह्यांनी चाखलंय, गोड आहे, असं तिने ठोकून दिलं होतं. शेवंतीने घरी जाऊन बी भिजवलं, आणि तिचं ऐकून काळुरामच्या सुनेनेही.

 आपलं एकट्याचं गेलं असतं तर राघोला कपाळाला हात लावून बसता आलं असतं. आता त्याच्या निकामी जिभेवर तीन घरांचं भात टांगलेलं. तो उघड्या डोक्याने गोविंदाच्या ओटीवर जाऊन उभा राहिला.

"गोविंदा, मना काय कललंच नाय रे. खारट असंल तं?"

गोविंदा जाळं सांधत होता. त्याने मानही वर केली नाही. "मनाबी कललं नाय. तुझ्या जिभेवर कोन पेरतंय येड्या? एकल्याचं गेलं असतं तं तू खाडीत उरी टाकली असतीस. आता जाईल तं तिघांचं जाईल. बस खाली."

राघो बसला नाही, पण घरी मात्र गेला.

तिन्ही घरांनी एकाच दिवशी बी फेकलं. पुढे काय ते दिसलंच. काळुरामच्या उंचावरच्या खाचरात दाट हिरवं, गोविंदाचं निम्मंशिम्मं, आणि राघोचा मधला पट्टा सोडला तर खाडीकडचं सगळं तांबडं. तो बांधावर बसे, उठे, चालत टोकाला जाई, परत येई.

एका सकाळी काळुरामची सून आणि शेवंती डोक्यावर रोपांच्या जुड्या घेऊन त्याच्या खाचरात उतरल्या. दाट जागची उपटून आणलेली. मोठ्या रोपाला खार जरा सोसतो, असं शेवंतीने सांगितलं. तुमच्यात कमी पडेल, असं राघो दोनदा म्हणाला. शेवंतीने जुडी सोडून रोपांची पहिली मूठ त्याच्यापुढे धरली. तो चिखलात उतरला. ही तरी तगतील की नाही, हे त्याला अजूनही कळत नव्हतं. पण हातातली मूठ लावून संपली की शेवंती दुसरी पुढे करत होती, आणि वाकलेल्या माणसाला येरझाऱ्या घालता येत नाहीत.